ठिगळ सरळ हवे

कचेरीतला मसुदा अव्वल कारकुनाच्या नजरेखालून गेल्याशिवाय साहेबांच्या सहीला जात नाही. संगणकाच्या आज्ञावलीलाही हाच न्याय लागू आहे. एकाने केलेली दुरुस्ती, म्हणजे त्या व्यवसायातील ‘पॅच’ किंवा ठिगळ, दुसऱ्याने वाचून पसंत करावी, असा प्रघात आहे. आय.बी.एम.चे मायकेल फॅगन यांनी अशा तपासणीची शिस्तबद्ध पद्धत १९७६ मध्ये मांडली.

परंतु तपासणी म्हणजे केवळ चुका हुडकणे, असे मानणे अपुरे आहे. चूक दिसावी यासाठी लेखन आधी वाचनीय असावे लागते. अटीच्या पोटात अट आणि तिच्या पोटात तिसरी, अशी उतरंड रचली की परीक्षकाची बुद्धी थकते. म्हणूनच लिनक्सच्या लेखननियमांत दर पातळीस आठ अक्षरांची जागा सोडण्याचा दंडक आहे. तीनांहून अधिक पातळ्या लागल्या, तर आज्ञावलीच सुधारावी, असे ते नियम बजावतात. जाणता परीक्षक सुचवतो की, अपवादांचा निकाल आरंभीच लावावा आणि उरलेले काम सरळ रेषेत मांडावे. काम तेच राहते. वाट मात्र स्वच्छ होते.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या आज्ञावलीतील एक दोष उघड झाला. सुरक्षित संपर्काची सही पडताळणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. अटीखालील आज्ञेला महिरपी कंस नव्हते. त्यामुळे पहिली ओळ अटीला बांधलेली राहिली, दुसरी मोकाट सुटली आणि निर्णायक पडताळणीच टळली. मध्येच बसलेल्या लबाडाला खऱ्या संकेतस्थळाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले. दोन्ही ओळी सारख्याच समासात असल्याने त्या अटीखालच्याच भासत. कंस असते, तर जादा ओळ एक तर निरुपद्रवी ठरली असती, नाही तर नजरेत भरली असती.

अर्थात, सरलीकरणालाही मर्यादा हवी. दोषाची दुरुस्ती आणि रचनेची फेरमांडणी एकाच ठिगळात मिसळली, तर नेमके काय बदलले हे परीक्षकाला कळत नाही. ती दोन ठिगळे वेगळी असावीत. परीक्षकानेही स्वतःची आवड नियम म्हणून लादू नये. सूचनेमागचे कारण सांगावे.

यंत्राला गुंतागुंतीचा शीण होत नाही. तो होतो पुढे ती आज्ञावली वाचणाऱ्या माणसाला, आणि त्याच्या चुकीची किंमत मोजतात तिच्यावर विसंबलेले असंख्य अनभिज्ञ लोक.