काचेच्या भिंती आणि पश्चिमेचे ऊन

ठाण्यातील माजिवड्याहून कासारवडवलीकडे जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगरासमोर ज्या बहुमजली कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्यांचे सर्वांग काचेने मढविण्याची रीत केवळ शोभेपायी रूढ झाली, असे समजणे न्याय्य होणार नाही. पूर्वी भिंत वरच्या मजल्यांचा भार वाहत असे, म्हणून ती रुंद असे आणि तिच्यातील खिडकी लहान. परंतु पोलादाच्या व सलोह काँक्रीटच्या सांगाड्याने तो भार स्वतःकडे घेताच ऊन, वारा, पाऊस अडविण्यापलीकडे भिंतीकडे कामगिरी उरली नाही आणि ती पडद्यासारखी बाहेरून टांगता येऊ लागली. विटांच्या नऊ इंची भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो, तर ६ मिलिमीटर काचेचे अवघे १५ किलो. पायावरचा बोजा हलका होतो आणि वापरायची जागाही वाढते. त्यातच अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून, घासल्यावाचून सपाट तक्ते काढण्याची जी कृती १९५९ साली जाहीर केली, तिने ही काच मुबलक केली.

मात्र ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्याचा प्रकाश आणि त्यालगतचे अवरक्त किरण काचेतून सहज आत शिरतात. तापलेल्या जमिनीतून व सामानातून निघणारे दीर्घ लहरींचे किरण मात्र ती बाहेर जाऊ देत नाही. थंड मुलखात जी ऊब हवीशी वाटते, तीच येथे वातानुकूलन यंत्रावर अहोरात्र बोजा होऊन बसते. वैशाखातील मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असल्याने उभ्या काचेला तो जेमतेम स्पर्श करतो. खरा जाच सायंकाळचा, कारण येऊरकडे कललेले तिरपे ऊन आडव्या छज्ज्याखालून थेट आत येते आणि त्याला उभ्या पट्ट्यांखेरीज उतारा नाही. चांदीचा अतिसूक्ष्म लेप दिलेली दुहेरी काच अवरक्त किरण बहुतांशी परतवते खरी, तथापि ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीने, तिच्या ठरीव पद्धतीने जाणाऱ्या व्यापारी इमारतींच्या बाह्यभिंतीत खिडक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंतच मुक्रर केले, ते मला अत्यंत उचित वाटते.

शिवाय येऊरच्या डोंगरावरचे राष्ट्रीय उद्यान रस्त्याला भिडलेले आहे, आणि काचेत उमटलेल्या झाडांना खरी समजून पक्षी त्यांवर झेपावतात. ऊन आणि पक्षी या दोहोंचा विचार करता, उत्तरेस मोठी काच खुशाल असावी. पश्चिमेस भिंतच बांधावी, आणि तिच्यात सावलीने राखलेली, पक्ष्यांना दिसेल अशी ठिपक्यांची नक्षी असलेली माफक खिडकी ठेवावी.