हरवलेली फाईल व तिचा शोध

संगणकावर नवें सॉफ्टवेअर चढवीत असतां काम मध्येंच थांबतें आणि पडद्यावर 'अमुक फाईल सांपडत नाहीं' असा संदेश उमटतो. अशा वेळीं कित्येक विद्यार्थी गोंधळून जातात. कोणी उतावीळपणें संगणकांतील सर्व कांहीं पुसून टाकतात आणि त्या भरांत वर्षभराचीं टिपणें गमावून बसतात. वास्तविक पाहतां, बिघाडाचें निदान बहुधा त्या संदेशांतच असतें.

आमच्या वर्धा जिल्ह्यांतील मुलांस चरखा परिचित आहे. १९३८ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयांत तो पाहावयास मिळतो. त्याची चाती काढून घेतली तर चाक फिरेल, परंतु सूत निघणार नाहीं. सॉफ्टवेअरही असेंच अनेक फाईलींचें बनलेलें असतें. शिवाय त्यांतील कित्येक फाईली दुसऱ्यांनीं रचलेल्या असतात. मार्च २०१६ मध्यें एनपीएम नांवाच्या भांडारांतून 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची रचना तिच्या कर्त्यानें काढून घेतली, तेव्हां जगांतील हजारों प्रकल्पांची जुळणी अडली. ती परत ठेवल्यावरच कामें सुरळीत झालीं.

आतां उपाय क्रमानें पाहूं. प्रथम संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा. फाईलीचें नांव व तिचा पत्ता हीं दोन्हीं महत्त्वाचीं आहेत. नंतर ती फाईल मुळींच नाहीं, कीं भलत्या जागीं आहे, हें तपासावें. झिपचा गठ्ठा न उलगडतां आंतूनच स्थापना सुरू केल्यास शेजारच्या फाईली सांपडत नाहींत. म्हणून गठ्ठा आधीं पूर्ण उलगडावा. लिनक्समध्यें इंग्रजी नांवांतील लहान व मोठीं अक्षरें भिन्न मानलीं जातात, हेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरें कारण अपुऱ्या डाउनलोडचें. मध्येंच नेट तुटलें तर गठ्ठा अर्धवट उतरतो. पुष्कळ प्रकाशक गठ्ठ्यासोबत शा-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरांचा ठसा देतात. आपल्या गठ्ठ्याचा ठसा काढून ताडून पाहावा. एक अक्षर जरी निराळें आलें तरी गठ्ठा पुन्हां उतरवावा.

चवथें, व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरनें ती फाईल संशयावरून अडकवून ठेविली आहे काय, हें त्याच्या नोंदींत पाहावें. गठ्ठा मूळ प्रकाशकाकडूनच आला आहे अशी खात्री झाल्यावांचून ती सोडवूं नये.

पांचवें, नांवावरून फाईलीचा मालक ओळखावा. विंडोजमध्यें 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल' नाहीं असें दिसलें तर मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून व्हिज्युअल सी++ चा संपूर्ण संच घ्यावा. डेबियन लिनक्सवर 'एप्ट' नांवाचें साधन लागणारे जोडसंच स्वतःच शोधून आणतें.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. तेवढी एकच फाईल फुकट देऊं करणाऱ्या अनोळखी स्थळावरून ती आणूं नये. फाईलीच्या नांवाखालीं पासवर्ड चोरणारी लबाडी घरांत शिरते. ज्या संगणकावरून मुलें शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यावरूनच कित्येक घरीं बँकेचे व्यवहारही होतात. यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, कोणतेंही सॉफ्टवेअर चढविण्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढवून घ्यावी आणि मगच मुलांस पुढील प्रयोग करूं द्यावे.