नकलेच्या जाती

इंग्रजीत नकलेसाठी असलेले शब्द वरवर समानार्थी वाटले, तरी नक्कल कोणी केली, कोणत्या हेतूने केली आणि ती उघड आहे की छुपी, यानुसार त्यांचे अर्थ वेगळे होतात. ‘काउंटरफीट’ म्हणजे फसवण्यासाठी बनवलेली वस्तू, जशी खोटी नोट. उलट ‘फॅक्सिमिली’ म्हणजे हस्तलिखिताची वा जुन्या ग्रंथाची तंतोतंत प्रतिकृती, जी मूळ प्रतीला धक्का न लावता अभ्यासकाच्या हाती देता येते. ‘रेप्लिका’ हा इटालियनमधून आलेला शब्द कलाक्षेत्रात काटेकोरपणे मूळ कलावंताने स्वतः केलेल्या किंवा त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरला जाई. आज तो कोणत्याही प्रतिकृतीला लावला जातो, आणि ही मोलाची छटा पुसट व्हावी हे खेदाचेच आहे.

जर्मनमध्ये ‘एर्झात्स’चा अर्थ केवळ ‘पर्याय’ असा होतो, परंतु पहिल्या महायुद्धातील नाकेबंदीमुळे जर्मनीत कॉफीऐवजी चिकोरीसारखे पदार्थ वापरात आले आणि इंग्रजीत या शब्दाला निकृष्टपणाचा वास चिकटला.

‘क्लोन’ची कथा याहून वेगळी आहे. डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हर्बर्ट वेबर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1903 मध्ये हा शब्द घडवला, तो बियांऐवजी छाट किंवा कलमाने वाढवलेल्या वनस्पतींसाठी. क्लोन करून निर्माण केलेली डॉली ही मेंढी 1996 मध्ये जन्मल्यावर तो घरोघरी पोहोचला. मात्र त्याच्या मूळ अर्थाने पाहता कोकणातील हापूसच्या कलमावर वाढणारी फांदीही क्लोनच ठरते.