गरोदरपणातला ताप अंगावर काढू नका

पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी तयार होऊ लागलेली असते. गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत ती बंद होते. या काळात आईला 101-102 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप राहिला, तर नळी उघडी राहण्याचा धोका काहीसा वाढतो. तरीही अशा बहुतेक मातांची बाळे निरोगीच जन्मतात. घाबरून गर्भपाताचा विचार नको.

‘गोळीने बाळाला अपाय होईल’ म्हणून ताप सोसणे मात्र चूक. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या; आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. पावसाळ्यात मलेरिया, डेंगीची रक्ततपासणी लगेच करा. अंगावर पुरळ असल्यास सांगा. आणि फोलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्यापूर्वीच सुरू करा.