जुन्या विंडोजवर परतताना

नवी आवृत्ती टाकली, प्रिंटर रुसला, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना, की कोणीही म्हणतं : जुनंच बरं होतं! हे गाऱ्हाणं काही आजचं नाही. २००७मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा अनेक कार्यालयांनी व्हिस्टाचे संगणक घेऊन त्यांवर २००१ची एक्सपीच चढवली. व्हिस्टाच्या बिझनेस परवान्यात तशी मुभाच होती.

आज विंडोज ११वरून १०वर परतायची सोय संगणकातच असते. अपग्रेड करताना इन्स्टॉलर जुनी प्रणाली पुसून टाकत नाही. तिचे फोल्डर सी ड्राइव्हवरच 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाखाली बाजूला ठेवतो. एकाच ड्राइव्हवर फोल्डर हलवला तर आतला डेटा जागचा हलत नाही. ड्राइव्हच्या नोंदवहीत फक्त पत्ता बदलतो. त्यामुळे कित्येक जीबींचा पसारा चटकन बाजूला होतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', त्यात 'रिकव्हरी' आणि तिथलं 'गो बॅक' दाबलं, की हीच अदलाबदल उलटी होते. कागदपत्रं, फोटो शाबूत राहतात. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात, कारण जुन्या रजिस्ट्रीत त्यांची नोंदच नसते.

अशा परतीला मुदत असते. विंडोज १०च्या काळात ती आधी ३० दिवसांची होती. २०१६मध्ये ती १० दिवसांवर आली. मुदत सरली की विंडोज तो फोल्डर काढून टाकते आणि अडलेली जागा मोकळी करते. 'डिस्क क्लीनअप' करताना आपणच तो उडवला, तर दहा दिवसही मिळत नाहीत. मग उरतो एकच मार्ग : बॅकअप घेऊन, पेन ड्राइव्हवरून जुनी प्रणाली कोरी टाकणं आणि सगळे प्रोग्राम पुन्हा बसवणं.

फोनवर तर दारच बंद असतं. ॲपलने जुन्या आयओएसवर डिजिटल सही करणं थांबवलं, की आयफोन ती आवृत्ती स्वीकारत नाही. अँड्रॉइडमध्ये २०१७च्या ओरिओपासून अशी व्यवस्था आली, की फोन आवृत्तीचा क्रमांक सुरक्षित जागी जपतो आणि त्याहून जुनी आवृत्ती सुरूच होऊ देत नाही.

ही कंपन्यांची निव्वळ अडवणूक नव्हे. दुरुस्ती जाहीर झाली की जुन्या आवृत्तीतलं भगदाड कुठे आहे, हे हल्लेखोरांनाही कळतं. २०२३मध्ये उजेडात आलेल्या 'ब्लॅकलोटस' या घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. २०२२च्या जानेवारीत बुजवलेलं भगदाड ज्यांत होतं, त्या मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या बूट-फाइली त्याने सोबत आणल्या. सही अस्सल असल्याने संगणक सुरू होताना सह्या तपासणाऱ्या 'सिक्युअर बूट'ने त्यांना बिनदिक्कत आत घेतलं. ऑगस्ट २०२४मध्ये सुरक्षा संशोधक अलॉन लेविएव्ह यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत आणखी पुढचं दाखवलं : विंडोजचे भाग गुपचूप जुने करायचे आणि 'अपडेट'ने मात्र सगळं अद्ययावत असल्याचं सांगायचं!

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे केवळ स्टार्ट मेन्यू आवडत नाही म्हणून मागे जाण्यात शहाणपण नाही. नवी आवृत्ती टाकण्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. पहिल्याच आठवड्यात प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा टोकन, हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळं चालवून पाहा. खरोखरच काम अडत असेल, तर दहा दिवसांच्या आत परता आणि सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील याची सोय आधी लावा.