पहिलीचा पट आणि पाचव्या वर्षाची लस

मुलाचे नाव पहिलीच्या पटावर चढविताना त्याच्या जन्मतारखेची जितक्या कसोशीने विचारपूस होते, तितक्या कसोशीने त्याच्या लसीकरणाच्या कार्डाची होत नाही. वास्तविक सहा वर्षांचे वय पुरे करून मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रथम येते तो काळ आणि राष्ट्रीय वेळापत्रकानुसार त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा, लोकांच्या बोलण्यातला पाच वर्षांचा बूस्टर, देण्याचा काळ हे एकमेकांना इतके लागून येतात, की या दोहोंची सांगड घालण्याची पक्की तजवीज असू नये याचे राहून राहून नवल वाटते.

ही मात्रा का लागते, हे समजण्यासाठी या लसीने अडविल्या जाणाऱ्या तीन रोगांपैकी घटसर्पाची रीत पाहावी. या रोगाचा जंतू घशात वस्ती करतो आणि तेथे करड्या रंगाचा पडदा धरतो. परंतु प्राणावर बेतते ते मुख्यतः त्याने निर्माण केलेल्या विषामुळे, जे रक्तावाटे हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. विशेष हे की, विष तयार करण्याची विद्या या जंतूची स्वतःची नसून त्याच्या शरीरात शिरलेल्या एका विषाणूकडून त्याला लाभलेली असते. या विषावरील प्रतिविषासाठी एमिल फॉन बेरिंग यांना 1901 साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे 1923 च्या सुमारास गास्तों रामों यांनी तेच विष फॉर्मॅलिनने निर्विष करून त्यापासून लस सिद्ध केली. अशा निर्विष केलेल्या द्रव्याची ओळख शरीर धरते खरे, पण ती कालांतराने पुसट होत जाते. म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या तीन मात्रांनंतर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान एकदा आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान पुन्हा एकदा ती ताजी करावी लागते. मधल्या तीन वर्षांत मुलाला एकही सुई टोचली जात नाही. घरची माणसे कार्ड विसरतात, ते पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जाते, आणि मूल नेमके त्या वयाला पोहोचते ज्या वयात त्याला चाळीस मुलांच्या वर्गात बसावयाचे असते.

गोवराची गोष्ट निराळी आहे. नऊ महिन्यांच्या बालकाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये काही अंशी शिल्लक असल्याने पहिल्या मात्रेने शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी मुलांनाच संरक्षण मिळते. दुसरी मात्रा ही उरलेल्या पंधरांना दिलेली नवी संधी असते. एक रुग्ण बारा ते अठरा असंरक्षित माणसांना बाधा देऊ शकतो आणि त्याने सोडलेली हवा दोन तासांपर्यंत धोकादायक राहते, यास्तव समाजातील शंभरांपैकी पंचाण्णव जणांना संरक्षण असल्यावाचून हा रोग थोपत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर हेही दाखविले की, गोवर होऊन गेलेल्या मुलाच्या शरीरातील इतर रोगांविषयीची कमावलेली स्मृतीही मोठ्या प्रमाणात पुसली जाते. पुणे जिल्ह्यातील घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत मुले एकाच दालनात शेजारी शेजारी निजतात. तेथे या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराने जी बालके दगावली, त्यांच्या आठवणीने तरी आपण जागे असावयास हवे.

याच जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मूल लसीकरणातून निसटते कोठे, याचा विचार केला म्हणजे दोन वाटा दिसतात. पश्चिमेकडे, आहुपे-घाटघरच्या बाजूस, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या डोंगराच्या कुशीत दूर दूर पसरल्या आहेत. डोंगरी आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा दंडक आहे, परंतु पावसाळ्यात ती तीन हजार माणसे किती ओढ्यांपलीकडे राहतात हे दंडकात लिहिलेले नसते. लस दोन ते आठ अंश तपमानात राखावी लागते. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवून फोडली की चार तासांत संपवावी लागते, आणि त्रिगुणी लस गोठली तर बाहेरून चांगली दिसूनही निकामी होते. खांद्यावर लसीचा डबा घेऊन वाडीवर गेलेल्या नर्सबाईंना तेथे एकच मूल आढळले, तर त्या एकासाठीही कुपी फोडावी, वाया जाणाऱ्या मात्रांचा हिशेब मनात आणू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी वाट पूर्वेकडची. डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या पाण्यावर ऊस पिकला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले, आणि दिवाळी सरताच बीड-नगरकडच्या ऊसतोड्यांच्या टोळ्या कोप्या घालून राहू लागल्या. नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामात पश्चिमेचीच कुटुंबे मजुरीस खाली उतरतात. अशा मुलाचे नाव एका गावच्या अंगणवाडीत, मुक्काम दुसऱ्या गावी आणि कार्ड तिसऱ्याच ठिकाणी असते. मग कोणत्याही एका दप्तरात ते राहून गेलेले दिसत नाही.

यावर सक्तीचा उपाय काही जण सुचवितील, आणि त्याला आपल्याकडे पूर्वपीठिकाही आहे. मुंबईत 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. 1877 साली मुंबई शहरासाठी आणि 1892 साली इलाख्यातील जिल्ह्यांसाठी लस टोचण्याचे कायदे झाले, देवी डॉक्टर गावोगाव हिंडले, आणि 1980 साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. अलीकडे कॅलिफोर्नियाने 2015 साली, इटलीने 2017 साली आणि फ्रान्सने 2018 साली शाळेच्या वा बालवाडीच्या प्रवेशाशी जोडलेली लसीकरणाची सक्ती कडक केली. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाच्या दाखल्याअभावीसुद्धा प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच झाले. कारण जुन्नरच्या शाळेच्या दारात कार्ड नाही म्हणून अडविले जाईल ते मूल बहुधा कोपीतले असेल, आणि लसीपाठोपाठ त्याची शाळाही जाईल. सक्ती असावी ती कचेरीवर. मूल विनाशर्त दाखल व्हावे, आणि त्याची राहिलेली लस ठरल्या मुदतीत शाळेत येऊन देण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राची असावी.

हे होण्याजोगे आहे. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रभर गोवर-रुबेलाची जी मोहीम झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी प्रथम शाळांतूनच राबविली गेली. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतातच. पहिलीच्या प्रवेशाआधी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, तेथे नावनोंदणीच्या टेबलाशेजारी आशाताईंचे एक टेबल मांडावे, कार्ड पाहावे, आणि राहिलेल्यांची यादी त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राकडे धाडावी.

मात्र सगळी भिस्त पहिलीवर ठेवून चालणार नाही. त्रिगुणी लसीची राहिलेली मात्रा सात वर्षांपर्यंत देता येते, म्हणजे सहाव्या वर्षी शाळेत आलेल्या मुलासाठी अजून वर्षभराची सवड असते. पण नित्याच्या लसीकरणात गोवर-रुबेलाची मुदत पाच वर्षांनीच संपते. यासाठी तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीत बसू लागते तेव्हाच पहिली विचारणा व्हावी, आणि दुसरी पहिलीच्या पटावर नाव चढताना. कार्ड हरवले असेल आणि मात्रा दिल्याची नोंद कोठेही सापडत नसेल, तर ती पुन्हा देण्याने मुलाला अपाय होत नाही, एवढे पालकांना तेथेच स्पष्ट सांगावे आणि त्याच दिवशी नवे कार्ड हाती द्यावे.