वृषणाचा कर्करोग : 'नॉर्मल' अहवालावर विसंबणे धोक्याचे

वृषणात गाठ जाणवत असूनही रक्ताचा अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून निश्चिंत होणे जिवावर बेतू शकते. प्रामुख्याने १५ ते ४० या वयोगटात आढळणाऱ्या वृषणाच्या कर्करोगात 'ट्यूमर मार्कर' चाचण्या अत्यंत उपयुक्त आहेत. मात्र, केवळ त्यांच्या आधारे रोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या चाचण्यांत एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन घटकांचे रक्तातील प्रमाण मोजले जाते. या कर्करोगाचे 'सेमिनोमा' आणि 'नॉन-सेमिनोमा' असे दोन मुख्य प्रकार आहेत. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही आणि एचसीजीही थोड्याच रुग्णांत वाढते. नॉन-सेमिनोमाच्या काही रुग्णांतही दोन्ही घटक मर्यादेत राहतात.

याउलट, वाढलेला आकडा म्हणजे कर्करोगच, असेही नाही. यकृताच्या विकारांत एएफपी वाढते. टेस्टोस्टेरॉन कमी झाल्यास मेंदूतील पीयूषिका ग्रंथी एलएच हे संप्रेरक अधिक स्रवते आणि काही चाचण्यांत तेच एचसीजी म्हणून मोजले जाऊ शकते. एलडीएच तर अनेक आजारांत वाढते.

मग या चाचण्यांचे मोल कशात? एका आकड्यापेक्षा त्याच्या चढउतारात. वृषण काढल्यानंतर रक्तातील एचसीजी साधारण एक ते तीन दिवसांत, तर एएफपी पाच ते सात दिवसांत निम्म्यावर येणे अपेक्षित असते. ही घट मंदावली किंवा आकडा पुन्हा चढू लागला, तर शरीरात अन्यत्र रोग शिल्लक असल्याची शंका बळावते. त्यामुळेच शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी महत्त्वाची ठरते. पहिलाच आकडा नसेल, तर पुढील तुलना कशाशी करणार? सूक्ष्मदर्शकाखाली सेमिनोमा दिसला, पण एएफपी ठळकपणे वाढलेले असेल, तर उपचार नॉन-सेमिनोमाचेच केले जातात.

निदानाचा आरंभ मात्र डॉक्टरांच्या तपासणीने आणि सोनोग्राफीनेच होतो. १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध उपचारांत आल्यापासून हा कर्करोग पसरलेल्या अवस्थेतही बहुतांश रुग्णांत बरा होऊ लागला. अशा रोगात संकोचापायी किंवा एका कागदावर विसंबून वेळ दवडणे परवडणारे नाही.